मधली हवा

जीवधन किल्ल्याला खेटून वानरलिंगीचा सुळका उभा आहे. नाणेघाटाच्या पठारावरून तो समोर दिसतो. डिसेंबरातल्या एका सकाळी सात वाजता मी त्या पठारावर ट्रायपॉड रोवून बसलो होतो आणि सुळक्यावर तीन मुलं चढत होती. कातळावर अजून ऊन आलेलं नव्हतं. बॉडी फुजीची जीएफएक्स १००एस, लेन्स २५० मिलिमीटरची, तिच्यामागे १.४चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे एकूण ३५० मिलिमीटर. सुळका आणि मी यांच्यामध्ये साधारण दोन किलोमीटर. सात वाजून दहा मिनिटांनी मी पहिली फ्रेम घेतली. मुलं वर पोचेपर्यंत तिथंच थांबलो आणि साडेनऊला, ट्रायपॉड जागचा न हलवता, शेवटची.

घरी आल्यावर दोन्ही फाइली पडद्यावर शंभर टक्क्यांना उघडल्या. पहिलीत मधल्या मुलाच्या निळ्या हेल्मेटच्या वर काळ्या कातळावरून केसासारखी फिकट रेघ गेली होती. तो दोर होता. चढाईचा दोर १०-११ मिलिमीटर जाड असतो. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल त्या अंतरावर २१ मिलिमीटरचा तुकडा टिपत होता. पिक्सेलच्या निम्म्या जाडीची वस्तू काळ्या दगडावर उजळ होती म्हणून उमटली. दुसऱ्या फाइलीत दोर नव्हता. हेल्मेट होतं, पण पाण्याखाली ठेवलेल्या गोटीसारखं, कडा विरघळलेलं.

मी लेन्सला दोष दिला. ती सर्व्हिस सेंटरला पाठवली. तीन आठवड्यांनी ती परत आली, सोबत चाचणीचा कागद: लेन्समध्ये कोणताही दोष नाही. माझा विश्वास बसला नाही. त्या हिवाळ्यातला उरलेला काळ मी ती लेन्स कपाटात ठेवली आणि सह्याद्रीतला सगळ्यात चांगला हंगाम हातचा घालवला. पुढे एका पावसाळ्यात घरी बसून सगळे जुने फोटो घेतलेल्या वेळेनुसार लावले, तेव्हा उमगलं. सकाळी आठच्या आतले जवळजवळ सगळे शार्प होते. नऊनंतरचे, पठारावरून आडवे घेतलेले, एकजात मऊ होते. मधल्या दोन तासांत लेन्स बदलली नव्हती, हवा बदलली होती.

हे पुस्तक त्या दोन फाइलींमधून निघालं आहे. मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेऱ्यावर टेलिफोटो लेन्स कशी वापरायची याची ही पुस्तिका आहे आणि ओघानं कॅमेऱ्याची बरीचशी बटणं आणि मेनू तिच्यात येतातच. पण ज्याला दूरचं पाहायचं आहे, त्याच्या लेन्समधलं सगळ्यात जाड भिंग म्हणजे मधली हवा, हे एकदा मनात बसलं की बाकीचं शिकायला सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

मीडियम फॉरमॅट हे नाव फिल्मच्या काळातलं. १२० नंबरची सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म, तिच्यावर ६ बाय ४.५, ६ बाय ६, ६ बाय ७ अशा चौकटी. आजच्या बहुतेक डिजिटल मीडियम फॉरमॅटचा सेन्सर त्या चौकटींहून लहान आहे: ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटर. ३५ मिलिमीटरच्या फुल फ्रेमपेक्षा त्याचं क्षेत्रफळ सुमारे १.७ पट. फेज वनच्या आयक्यू४चा सेन्सर ५३.४ बाय ४० मिलिमीटर आहे. तो जुन्या ६४५ फिल्मच्या बराच जवळ जातो, पण त्याची किंमत पाहता या पुस्तकाच्या वाचकांपैकी फार थोडे तो विकत घेतील, म्हणून मी त्याच्याबद्दल फार लिहिलेलं नाही.

सेन्सर मोठा, म्हणून त्याच लेन्समधून जास्त रुंद दृश्य दिसतं. २५० मिलिमीटरची लेन्स इथं फुल फ्रेमवरच्या १९८ मिलिमीटरइतकीच ‘लांब’ वाटते, ५०० मिलिमीटरची ३९६इतकी. पक्ष्यांचे फोटो काढणारे मित्र हे ऐकून मान हलवतात. त्यांचं बरोबरही आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हलत्या नावेतून उडणारा रोहित पक्षी टिपायचा असेल, तर फुल फ्रेमची चपळ बॉडी आणि ६०० मिलिमीटरची लेन्स घ्यावी. जीएफएक्स १०० टू आता सेकंदाला आठ फ्रेम घेते आणि पक्षी ओळखून फोकस धरते, तरी त्या कामात ती पाहुणीच आहे.

तिचं स्वतःचं काम वेगळं. ते एका आकड्यात सांगता येतं आणि तो आकडा मी जीएफएक्सवरच्या टेलीबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला वहीत लिहून देतो. १०० मेगापिक्सेलच्या या सेन्सरचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. ५०० मिलिमीटरच्या लेन्सनं एक किलोमीटरवर पाहिलं तर फ्रेमची रुंदी जवळजवळ ८८ मीटर भरते आणि एकेक पिक्सेल साडेसात मिलिमीटर दाखवतो. अठ्ठ्याऐंशी मीटरचा कडा, आणि त्यावरची करंगळीएवढी काडीसुद्धा. संपूर्ण दृश्य आणि त्यातला अगदी बारीक तपशील एकाच कागदावर मावणं, हे या आकाराचं देणं आहे. ११,६४८ पिक्सेल रुंदीची ही फाइल ३०० डीपीआयनं छापली तर कागद जवळपास एक मीटर रुंद होतो. त्या कागदापाशी माणूस आधी चार पावलं लांब उभा राहतो, मग नाक लावून पाहतो. दोन्ही वेळा त्याला काहीतरी मिळतं.

मात्र ही काडी कागदावर यायची तर मधल्या एक किलोमीटर हवेनं तिला येऊ दिलं पाहिजे.

टेलिफोटो आणि मीडियम फॉरमॅट यांच्या जोडीनं काढलेला जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध फोटो २४ डिसेंबर १९६८चा आहे. अपोलो ८ चंद्राभोवती फिरत असताना विल्यम अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली. कॅमेरा हॅसलब्लाड ५०० ईएल, लेन्स २५० मिलिमीटरची झाइस सोनार, फिल्म ७० मिलिमीटरची एक्टाक्रोम. यानाच्या खिडकीची काच सोडली तर त्या लेन्सपुढे हवेचा कणही नव्हता. तीन वर्षांनी, १९७१मध्ये, अपोलो १५च्या अंतराळवीरांनी चंद्रावर उभं राहून ५०० मिलिमीटरच्या लेन्सनं हॅडली परिसरातले दूरचे डोंगर टिपले. ते डोंगर हाताशी असल्यासारखे दिसतात. चंद्रावर चालणाऱ्यांना अंतराचा अंदाजच यायचा नाही, कारण आपण पृथ्वीवर लांबचं आणि जवळचं ज्यावरून ओळखतो ती धूसरता तिथं नाही. आपल्या घाटमाथ्यावर एकामागे एक सात धारा निळसर होत जातात, प्रत्येक मागची पुढचीपेक्षा फिकट. त्या सातही धारा वेगळ्या दिसतात त्या हवेमुळेच. म्हणून हवा शत्रू आहे असं मी या पुस्तकात कुठंही म्हटलेलं नाही.

पण हवा दोन कामं करते आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. एक धूसरपणा: धूळ, ओलावा, धूर. फेब्रुवारीपासून वणवे लागतात, रानं भाजली जातात, मे महिन्यापर्यंत दहा किलोमीटरवरचा डोंगर नुसता आकार उरतो. धूसरपणा काळ्याला राखाडी करतो आणि सगळ्या छटा एका अरुंद पट्ट्यात दाबतो, तपशील मात्र बऱ्याच अंशी जागेवर राहतो. इथं मोठ्या सेन्सरची १६ बिटची रॉ फाइल खरोखर कामाला येते. दाबलेल्या छटा पुन्हा ताणल्या तरी त्यांच्यात पायऱ्या पडत नाहीत. सूर्य खांद्याच्या बाजूला असेल तर पोलरायझरही थोडा पडदा उचलतो.

दुसरं काम झळांचं. ऊन जमिनीवर पडलं की जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर उठते, गार हवा खाली येते, आणि या कमीजास्त घनतेच्या पुड्यांमधून येणारा प्रकाश क्षणोक्षणी वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसतं ते हेच. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही ते चालू असतं आणि साडेसात मिलिमीटर मोजणाऱ्या सेन्सरला ते दिसतं. झळांनी खाल्लेला तपशील कोणत्याही सॉफ्टवेअरमधला शार्पनिंगचा दांडा परत आणत नाही. महागडी लेन्स आणत नाही, ट्रायपॉड आणत नाही. वानरलिंगीवरचा माझा दोर झळांनी नेला होता. ते गवताळ पठार उन्हात तापत होतं आणि माझी नजर त्या पठाराला जवळजवळ घासून जात होती.

त्यावर उपाय आहेत आणि ते सगळे पायानं आणि घड्याळानं करायचे आहेत. सूर्योदयाच्या आसपासचा तास धरावा, किंवा जमीन ढगाखाली असेल तो दिवस. नजरेची रेघ तापलेल्या सपाटीवरून नेऊ नये. दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाकडे पाहावं, मध्ये खोल दरी असली की तापलेली जमीन नजरेपासून लांब राहते. पाऊस ओसरल्यावरचे स्वच्छ दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत. गाडीच्या खिडकीतून फोटो काढायचा असेल तर इंजिन आणि एसी बंद करून थांबावं, कारण बॉनेटवरून उठणारी ऊब फोटोत उतरते. गरम गाडीतून काढलेली लेन्स गार हवेत आली की तिच्या लांब हूडमध्येच झळा तयार होतात. तिला बाहेर ठेवून वीस-तीस मिनिटं निवू द्यावं. आणि झळा थोड्याच असतील तर एका पाठोपाठ वीस फ्रेम घ्याव्यात, त्यातल्या एक-दोन हवेच्या स्थिर क्षणी पडलेल्या असतात. ग्रहांचे फोटो काढणारे खगोलप्रेमी हेच करत आले आहेत.

हवेनंतर फोकस. लेन्सवर ‘अनंत’ अशी खूण असते आणि शंभर मीटरपलीकडचं सगळं अनंतच, अशी आपली समजूत. मी स्वतः हिशेब केला तेव्हा चकित झालो. ३५० मिलिमीटर, एफ/८, आणि दोन पिक्सेलपेक्षा जास्त पसरट चालणार नाही अशी अट घातली तर हायपरफोकल अंतर, म्हणजे ज्याच्यावर फोकस केला की अनंतापर्यंत सगळं शार्प येतं ते, सुमारे दोन किलोमीटर निघतं. म्हणजे दोन किलोमीटरवरचा वानरलिंगी अनंतात नाही. त्याच्यावर फोकस करावा लागतो, आणि त्याच्या मागच्या डोंगरावर केला तर सुळका किंचित मऊ येतो. जवळ आल्यावर तर विचारूच नका. वेरूळला सोळाव्या लेण्याच्या वरच्या डोंगरकडेनं चालत गेलं की कैलासाचं शिखर समोर येतं. तिथून तीस मीटरवरचं शिल्प २५० मिलिमीटरनं, एफ/५.६ला घेतलं तर त्याच कडक अटीत शार्प पट्टा जेमतेम सव्वा मीटर जाडीचा मिळतो. पुढची मूर्ती धरली तर मागचा कोनाडा सुटतो. छिद्र बारीक करत जावं म्हटलं तर एफ/११ला विवर्तनामुळे प्रकाशबिंदूचा ठिपका सुमारे १५ मायक्रॉनचा होतो, म्हणजे चार पिक्सेल रुंद. तिथं फोकस ब्रॅकेटिंग उपयोगी पडतं. कॅमेरा फोकस थोडा थोडा सरकवत फ्रेम घेतो आणि त्या नंतर जोडायच्या. वेरूळला ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते, हेही इथंच सांगून ठेवतो, म्हणजे कोणाची खेप फुकट जाणार नाही.

कॅमेऱ्याच्या सोयींबद्दल मी पुस्तकात बरंच लिहिलं आहे, इथं दोनच सांगतो. पहिली शटरची. या बॉडींचं पडदाशटर मोठं असतं, त्याचा धक्काही मोठा, आणि लांब लेन्सवर १/१५ ते १/१२५च्या दरम्यान तो सगळ्यात जास्त जाणवतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन लावला की फ्रेम सुरू होतानाचा धक्का जातो. ट्रायपॉडवरच्या टेलीसाठी मी तो कायम चालू ठेवतो, सोबत दोन सेकंदांचा सेल्फ टायमर. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये तर काहीच हलत नाही, पण एवढा मोठा सेन्सर ओळीओळीनं वाचायला वेळ लागतो. तेवढ्यात गवताचं पातं वाकतं, पाखरू तिरकं होतं. कडा, दगड, मूर्ती यांना ते चालतं, जिवंत कशालाही नाही. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्ये शटर लेन्सच्याच पोटात असतं. त्याचा धक्का फारच सौम्य, शिवाय फ्लॅश सगळ्या वेगांना जुळतो. दूर पल्ल्याच्या लेन्सबाबत मात्र ती मालिका आखूड आहे. १३५ मिलिमीटर, आणि तिला १.७चा कन्व्हर्टर लावून २३० मिलिमीटर.

दुसरी सोय चौकटीची. जीएफएक्समध्ये ६५ बाय २४ असं एक गुणोत्तर आहे, १९९८च्या एक्सपॅन कॅमेऱ्याच्या लांबट चौकटीचं. मला ते सुरुवातीला हौसेचं वाटलं होतं. एकदा ऑक्टोबरातल्या सकाळी १००-२०० मिलिमीटरच्या झूमवर ते लावून घाटमाथ्याकडे पाहिलं आणि तेव्हापासून धारांसाठी दुसरी चौकट क्वचितच वापरली. आकाशाचा आणि पायाखालच्या गवताचा मोह आपोआप सुटतो, उरतात त्या एकामागच्या एक रेघा. त्याच मेनूमध्ये ३५ मिलिमीटरची चौकटही आहे. ती लावली की मधला ३६ बाय २४चा भाग वापरला जातो आणि तरीही सुमारे ६० मेगापिक्सेल हातात राहतात. फुल फ्रेमसाठी बनलेल्या जुन्या टेली ॲडॅप्टरनं लावणाऱ्यांना तिचा आधार आहे, जरी त्यातल्या कित्येक लांब लेन्स मोठा सेन्सरही बऱ्यापैकी झाकतात.

टेली लेन्स डोंगर एकमेकांवर ‘दाबते’ असं आपण सगळेच म्हणतो. लेन्स काही दाबत नाही. आपण लांब उभे असतो म्हणून पुढच्या आणि मागच्या वस्तूचं अंतर आपल्या मानानं थोडं उरतं. त्याच जागेवरून रुंद लेन्सनं घेतलेल्या फोटोचा मधला तुकडा कापला तर धारा तशाच दाबलेल्या दिसतात. हे मी मुद्दाम लिहितो, कारण हे पटलं की माणूस आधी उभं राहायची जागा शोधतो आणि मग लेन्स निवडतो. बहुतेकांचं उलट होतं.

आणि लांब उभं राहण्याला सह्याद्रीत आणखी एक कारण आहे. लांब चोचीची गिधाडं कड्यांच्या कपारीत घरटी करतात. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधानं भारतातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली. २००६मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण गेलेली संख्या भरून यायला किती काळ लागेल ते पाहणंच आपल्या हातात आहे. हिवाळ्यात, घरट्यात पिल्लू असताना, कड्याच्या माथ्यावरून डोकावणारा एक माणूसही त्या जोडीला उडवून लावू शकतो. पलीकडच्या धारेवरून, किलोमीटरभर लांब बसून, एका फ्रेममध्ये सगळा कडा घेता येतो आणि नंतर घरी, सावकाश, कपार न् कपार तपासून घरटी मोजता येतात. मोठ्या सेन्सरवरच्या टेलीचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे, आणि यावरचं प्रकरण मी सर्वांत जास्त वेळा पुन्हा लिहिलं आहे. त्यात कुठल्याही घरट्याच्या जागेचं नाव दिलेलं नाही, वाचकांनीही ते समाजमाध्यमांवर देऊ नये ही विनंती.

लेन्सच्या इतिहासाला पुस्तकात थोडीच पानं आहेत. १८९१मध्ये टॉमस डालमायर यांनी इंग्लंडमध्ये टेलिफोटो रचनेचं पेटंट घेतलं: पुढे बहिर्गोल गट, मागे अंतर्गोल गट, म्हणजे नळी नाभीय अंतरापेक्षा आखूड. आजची फुजीची ५०० मिलिमीटरची जीएफ लेन्स त्याच कल्पनेची दूरची नात आहे. ती २०२४मध्ये आली. तिच्याआधी सहा वर्षं या मालिकेत २५० मिलिमीटरच्या पुढे कन्व्हर्टरशिवाय काहीच नव्हतं. वजन १,३७५ ग्रॅम, म्हणजे २५०पेक्षा ५० ग्रॅमनं कमीच. गडावर ओझं पाठीवरून न्यावं लागतं, तिथं ही गोष्ट छोटी नाही. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी पेंटॅक्स ६७ आणि मामिया ६४५च्या जुन्या लांब लेन्स ॲडॅप्टरवर कशा वापराव्यात याचं वेगळं प्रकरण आहे. फोकस हातानं करावा लागतो, पण कडा काही पळून जात नाही. मुंबई-पुण्यात बॉडी आणि लेन्स भाड्यानं मिळतात. निदान एक हंगाम भाड्यानं घेऊन पाहिल्याशिवाय कोणीही कर्ज काढून हे सामान घेऊ नये.

पहिल्या प्रकरणाच्या आधी समोरासमोरच्या पानांवर वानरलिंगीचे दोन्ही फोटो छापले आहेत, सात वाजून दहा मिनिटांचा डावीकडे आणि साडेनऊचा उजवीकडे. एवढ्या पानावर पूर्ण फ्रेममध्ये दोर दिसणार नाही, म्हणून प्रत्येकाखाली मधला तुकडा पिक्सेलला पिक्सेल कापून दिला आहे. डावीकडच्या तुकड्यात आधी निळं हेल्मेट शोधा. तिथून नजर सरळ वर न्या, कातळातल्या आडव्या भेगेपर्यंत. भेगेच्या जरा अलीकडे दोर उजवीकडे वळतो.